ट्रॉलीचा अ‍ॅक्सल : कंपनीचा घ्यावा की बाजारातला?



गाळप हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुरुस्तीसाठी गॅरेजवर गर्दी होते. पाटे, टायर, बेरिंग ही नेहमीची कामे असतात. पण अ‍ॅक्सल वाकला किंवा तुटला की मालकापुढे प्रश्न पडतो : कंपनीचा ओरिजिनल आणावा, की बाजारातला स्वस्त बसवून मोकळे व्हावे? "एवढा हंगाम निघाला म्हणजे झालं," असे म्हणून बरेच जण दुसरी वाट धरतात.

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे मुळापासून करणार आहोत. कारण भरलेल्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल रस्त्यात तुटला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला सापडतो, मोळ्यांवर बसलेले तोडणी कामगार सापडतात. शिवाय तोडलेला ऊस वाटेत वाळतो. वजनही घटते आणि साखरही.

तुटलेला अ‍ॅक्सल आधी तपासा

जुना अ‍ॅक्सल भंगारात देण्यापूर्वी त्याचे तुटलेले तोंड पुसून पाहावे. एका बाजूला गुळगुळीत, काळपट भाग, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेघा, आणि बाकीचा भाग खडबडीत व ताजा दिसला, तर तडा जुना होता असे समजावे. प्रत्येक खड्ड्यागणिक अ‍ॅक्सल किंचित वाकतो व पुन्हा सरळ होतो. असे असंख्य वेळा झाले की लोखंड थकते. तडा बहुधा खालच्या अंगाने सुरू होतो, तोही चौरस भाग संपून गोल भाग सुरू होतो त्या कोपऱ्यात किंवा वेल्डिंगच्या कडेला.

सगळेच तोंड ताजे व खडबडीत असेल तर एखाद्या मोठ्या दणक्याने तो एकदम तुटला. न तुटता वाकला असेल, तर भार त्याच्या ताकदीबाहेर गेला. कारण न शोधता तसाच नवा अ‍ॅक्सल बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

थोडे गणित

चौरस अ‍ॅक्सलची वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पोलाद तेच ठेवून ७५ मिलिमीटरऐवजी ८० मिलिमीटरचा अ‍ॅक्सल घेतला तर ताकद सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. ९० चा घेतला तर सुमारे ७३ टक्क्यांनी. म्हणून दुकानात मोजपट्टी न्यावी. दिसायला सारखे दोन अ‍ॅक्सल ताकदीला सारखे असतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट, पाट्याच्या बैठकीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. हे २५ सेंटिमीटरवरून ३० झाले तर तेवढ्याच भाराचा वाकवणारा जोर २० टक्क्यांनी वाढतो. रुंद टायर बसावा म्हणून चाक बाहेर काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग कोणता घ्यावा?

ट्रॉली कंपनीतून आली तशीच असेल आणि ठरवून दिलेला भारच वाहत असेल, तर कंपनीचाच अ‍ॅक्सल घ्यावा. माप, बेरिंग, हब सगळे जुळते.

पण फाळके काढून उंच अँगल लावले असतील, मोठे टायर घातले असतील, तर ओरिजिनल अ‍ॅक्सलही टिकेल याची खात्री नाही. तो बनवला होता मूळ ट्रॉलीसाठी. अशा वेळी अ‍ॅक्सलचेच उत्पादन करणाऱ्या कारखान्याचा, भारक्षमता ठोकलेला, पक्क्या बिलाचा जाड अ‍ॅक्सल कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. मात्र हब, बेरिंग, पाटे, हूक आणि ब्रेकही त्याच तोडीचे हवेत. उंची वाढली की ट्रॉली वळणावर लवकर कलंडते. त्यावर जाड अ‍ॅक्सल हा उपाय नाही.

आणि जाड अ‍ॅक्सल बसवला म्हणून नोंदणीपुस्तकातला भार वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे.

बाजारातला अ‍ॅक्सल घेताना हे पाहावे :

१. बिलावर बनवणाऱ्याचे नाव, माप व पोलादाची जात (उदा. ईएन-८) लिहून घ्यावी.
२. चौरस भाग गोल होतो तेथे कोपरा धारदार नको, गोलाई दिलेली हवी.
३. बेरिंगचे नंबर हबशी जुळवून पाहावेत.
४. तुटलेला अ‍ॅक्सल वेल्डिंगने जोडून, किंवा भंगारातला जुना अ‍ॅक्सल कापून-सांधून वापरू नये. वेल्डिंगलगतचे पोलाद कडक व ठिसूळ होते.

ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलची गोष्ट वेगळी

ट्रॉलीचा अ‍ॅक्सल फक्त भार पेलतो. ट्रॅक्टरचा मागचा अ‍ॅक्सल चाक फिरवतोही. त्याला पीळ बसतो. त्याचे दाते, उष्णतेची प्रक्रिया, वरच्या थराचा कडकपणा यांतले काहीच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तेथे अधिकृत विक्रेत्याकडचा ओरिजिनलच घ्यावा. १३.६-२८ च्या जागी १६.९-२८ टायर घातला की चाकाची उंची नऊ-दहा टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच ओढीसाठी अ‍ॅक्सलवरचा पीळही तितकाच वाढतो. अ‍ॅक्सल वारंवार तुटत असेल तर आधी टायर मूळ मापाचे करावेत.

बसवताना व नंतर

बेरिंगमध्ये स्वच्छ ग्रीस भरावे. हब फिरवत नट आवळावा, मग किंचित सैल करावा. हब मोकळा फिरला पाहिजे, पण हलता कामा नये. कॉटर पिन नवी घालावी. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. खेप संपल्यावर हबजवळ हात नेऊन पाहावा. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापत असेल तर बेरिंगकडे बघण्याची वेळ झाली.

अ‍ॅक्सल कंपनीचा असो वा बाजारातला, तो आपल्या ट्रॉलीच्या आजच्या भाराला पुरतो का आणि त्याची जबाबदारी घेणारा कोणी आहे का, हे दोन प्रश्न विचारूनच पैसे मोजावेत. आणि ही तपासणी मोळी टाकण्यापूर्वीच उरकावी, अशी आमची सर्व वाहतूकदार सभासदांना विनंती आहे.