एटीव्ही फटाके फोडतेय? आधी शोधा, मग खोला. आणि शोधण्याचेही पैसे घ्या

व्हिडिओत काम हाताने करून दाखवता येतं, पण प्रत्यक्ष गाडीसमोर बसल्यावर 'आधी काय, नंतर काय' हे विसरायला होतं. म्हणून हा लेख. प्रिंट काढून वर्कशॉपच्या भिंतीवर लावलात तरी चालेल.

आजचा विषय आहे एटीव्ही, म्हणजे रिसॉर्टवर मातीत पळणारी चार जाड चाकांची गाडी. तिची नेहमीची तक्रार एकच: "गाडी आवाज करते आणि थ्रॉटल सोडला की फटफट फटाके फोडते."

देहूरोडलाच हे काम का?

लोणावळा, कामशेत, पवना धरणाचा परिसर या पट्ट्यात पर्यटकांसाठी एटीव्ही चालतात. देहूरोड बरोबर मधे पडतं. एका बाजूला आकुर्डी, चिंचवड, पिंपरी: टर्निंग, वेल्डिंग, नट-बोल्ट सगळं हाताशी. दुसऱ्या बाजूला जुना पुणे-मुंबई हायवे आणि लोकल: तळेगाव, कामशेत, मळवली, लोणावळा.

एटीव्ही हायवेवरून चालवत आणता येत नाही, टेम्पोत घालून आणावी लागते. त्यात मालकाचा टेम्पोचा खर्च आणि अख्खा दिवस जातो. म्हणून टूलकिट घेऊन जागेवर जाणारा मेकॅनिक त्याला हवाच असतो.

हिशेब करून बघा. समजा एका फेरीचं भाडं ३०० रुपये आणि रविवारी एका गाडीच्या १२ फेऱ्या. गाडी बंद राहिली तर मालकाचे एका दिवसात ३,६०० रुपये बुडाले. तो तुम्हाला पॅकिंगचे पैसे देत नाही, रविवार वाचवल्याचे देतो.

आवाज कुठून येतो?

पहिली पायरी म्हणजे कान. गिऱ्हाईक सगळ्यालाच 'बॅकफायर' म्हणतं, पण प्रकार वेगवेगळे आहेत.

१. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट: थ्रॉटल बंद झाला की थोडं पेट्रोल न जळता पाईपमध्ये जातं. बेंड पाईपच्या जॉइंटला लीक असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. गरम पाईप, पेट्रोल आणि ताजी हवा एकत्र आली की फटाका. इथे संशय आधी लीकवर.

२. कार्बोरेटरमधून उलटा 'फट्ट': गाडी इनटेककडून हवा घेतेय, पेट्रोल कमी पडतंय, किंवा व्हॉल्व्ह अथवा इग्निशनचा प्रश्न आहे.

३. स्टार्ट केल्यापासून इंजिनजवळ 'चुकचुक' आणि वेग वाढवला की तीही वाढते: हेडजवळची पॅकिंग गेलेली असण्याची शक्यता जास्त.

लीक कशी शोधायची?

हे काम थंड इंजिनवरच. गरम बेंड पाईपला हात लागला तर कातडी सोलून निघते.

१. आधी नुसतं बघा. हेड आणि बेंड पाईपच्या जॉइंटवर काळी काजळी दिसली तर गॅस तिथूनच बाहेर येतोय.

२. साबणाचं पाणी जॉइंटला लावा आणि ब्लोअरने सायलेन्सरच्या टोकातून हलकी हवा द्या. बुडबुडे आले, जागा सापडली.

३. वेल्डिंगच्या कडा आणि सायलेन्सरचा ब्रॅकेट तपासा. मागचा माउंट सैल झाला की सगळा हादरा बेंड पाईपवर येतो आणि तिथे तडा जातो.

४. एक्झॉस्टला लीक नसेल तर इनटेक बघा. गाडी आयडलवर ठेवून कार्बोरेटरमागच्या रबरी पाईपवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलला तर गाडी तिथून हवा घेतेय. पाण्याऐवजी पेट्रोल कधीही मारू नका, आग लागेल.

दुरुस्तीचा क्रम

स्टडवरचे नट गंजलेले असतात. आधी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, जोर लावू नका. स्टड तुटला तर दहा मिनिटांचं काम ड्रिलिंग-टॅपिंगवर जातं.

पाईप उतरवल्यावर पोर्टमध्ये बोट फिरवून जुनी पॅकिंग चिकटून राहिलीय का बघा. तिच्यावरच नवी बसवली तर लीक परत येणार. दोन्ही बाजू घासून साफ करा. जुनी पॅकिंग पुन्हा वापरायची नाही, आणि सिलिकॉन फासणे हा पॅकिंगला पर्याय नाही.

बसवताना मागचा माउंट सैल ठेवा. हेडचे दोन्ही नट आलटून-पालटून, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे आवळा. मागचा माउंट सर्वांत शेवटी. उलट केलं तर पाईप ताणात राहतो. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झालं की नट पुन्हा एकदा तपासा.

पाईपला तडा असेल तर पाईप गाडीवरून उतरवूनच वेल्डिंग करा. तडा कशाने गेला ते कारणही काढा, नाहीतर महिन्याभरात तीच गाडी परत.

लीक बंद झाली, फटाके चालूच?

आता प्लग काढा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पायलट जेट साफ करा. काळा, काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय का, एअर फिल्टर मातीने भरलाय का ते पाहा. मग स्पार्क, आणि थंड इंजिनवर टॅपेट. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशाने सुधारली ते तुम्हालाच कळणार नाही.

गिऱ्हाईकाला एक प्रश्न जरूर विचारा: "मधे सायलेन्सर किंवा फिल्टर बदलला होता का?" मोकळा सायलेन्सर लावला, फिल्टर काढून टाकला, की हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं आणि फटाके सुरू होतात.

इथे हयगय नको

शटर खाली करून इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

दुसरं, मावळातले डोंगर उन्हाळ्यात वाळलेल्या गवताने भरलेले असतात. सायलेन्सरच्या तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी असेल तर ती काढू नका, काजळी साफ करून परत बसवा. एका ठिणगीचा वणवा होतो, आणि जबाबदार कोण, हे विचारलं जातंच.

टेस्ट राइड मालकाच्या जागेतच घ्या, हायवेवर नाही.

पैसे कसे लावायचे?

बरेच मेकॅनिक तपासणी फुकट करतात आणि पैसे पार्टमध्ये काढतात. मग लीक असताना कार्बोरेटरचं बिल बनवायचा मोह होतो. गिऱ्हाईकाला हे आज ना उद्या कळतं. बिलात तीन ओळी ठेवा: तपासणी, पार्ट, लेबर. तपासणीचा दर कामाआधी सांगा. जुनी पॅकिंग मालकाच्या हातात द्या. "हे बघा, इथून जळली होती," हे एक वाक्य पाच जाहिरातींचं काम करतं.

सुरुवात लहान ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. टूलकिटसाठी मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पण कर्जाआधी दोन-तीन मालकांशी बोलून घ्या: गाड्या किती, कुठल्या, बंद कधी पडतात?

या आठवड्याचा गृहपाठ

एका पानाचं जॉब कार्ड बनवा. रकाने सहा: तक्रार, आवाज कधी येतो, लीक कुठे, प्लगचा रंग, काय बदललं, आठ दिवसांनी फोन केला का. पहिल्या दहा गाड्यांचं कार्ड प्रामाणिकपणे भरा. कुठली पॅकिंग किती स्टॉक करायची, कुठल्या कामात वेळ जातो, दर कुठे कमी पडतो, हे सगळं त्या दहा कागदांतच सापडेल.

चला तर मग, भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!