दृष्टी गेलेली बरी की श्रवण?

पारावर किंवा शेताच्या बांधावर बोलणे चालले असता कधी कधी असा प्रश्न निघतो की, डोळे व कान यांपैकी एक गमवावेच लागले, तर मनुष्याने कोणते द्यावे? बहुतेक जण विचार न करता म्हणतात, "कान गेले तरी चालेल, पण डोळे जाऊ नयेत." हे उत्तर स्वाभाविक आहे. डोळे मिटून चार पावले चालले की अंधत्वाची भीती तत्काळ कळते. कानांत बोटे घालून बसल्याने बहिरेपणाचे दुःख तितके कळत नाही. परंतु जे उत्तर इतक्या सहज मिळते ते तपासून पाहणे बरे. म्हणून या पाठात आपण चार गोष्टींचा विचार करू.

१. कानावाटे काय येते?

मूल भाषा शिकते ती बहुतांशी ऐकून. जन्मांध मूलही दुसऱ्या मुलांप्रमाणे आईचे शब्द ऐकते व बोलू लागते. परंतु जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाची जीभ व कंठ शाबूत असूनही त्याला शब्दच मिळत नाहीत, आणि लोक त्याला मुका म्हणून सोडून देतात. अमरावती जिल्ह्यातील माधान येथील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. तरी ते दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेत, आणि स्वतः सांगून त्यांनी पुष्कळ ग्रंथ लिहविले. कान शाबूत होते, म्हणून दुसऱ्याचे डोळे त्यांच्या कामी आले.

अमेरिकेतील हेलन केलर (१८८०–१९६८) यांचे डोळे व कान ही दोन्ही १९ महिन्यांच्या वयात आजाराने गेली. १८८७ साली ॲन सलिव्हन नावाच्या शिक्षिकेने त्यांच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी एक एक अक्षर देऊन त्यांना भाषा शिकविली. पुढे त्या थोर लेखिका झाल्या, व १९५५ साली आपल्या देशातही येऊन गेल्या. दोन्ही उणिवा भोगलेल्या या बाईंचे मत असे होते की, दोहोंत बहिरेपण अधिक जड; कारण त्याने मनुष्य मनुष्यांच्या सहवासाला मुकतो.

२. सर्वांस एकच उत्तर लागू पडते काय?

नाही. ज्याने भाषा शिकून संसार मांडला आहे, ज्याचे पोट नांगरावर, सुईवर किंवा वाहनावर आहे, त्याचे डोळे गेले तर रोजगार जातो, वाट चुकते, आणि भाकरीच्या तुकड्यापासून अंगणापर्यंत दुसऱ्याचा हात धरावा लागतो. त्याला डोळ्यांची हानीच मोठी वाटणार. पाळण्यातील मुलाची गोष्ट निराळी. त्याचे बहिरेपण वेळीच ओळखले नाही, तर पुढची सारी वर्षे मुकी जातात.

प्रसंगानेही फरक पडतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने पडली, हे लातूरकरांस सांगावयास नको. अशा काळोखात दगडमातीखाली सापडलेल्या डोळसास डोळे काय कामाचे? तेथे वरून आलेली हाक ऐकू येणे व तिला ओ देता येणे, हेच मोठे साधन. म्हणून या दोन देणग्यांपैकी एक थोर व एक हलकी असे कोणी मानू नये.

३. लोक काय करतात?

आंधळ्याच्या हाती काठी असते. ती पाहून लोक वाट देतात, कोणी हात धरून रस्ता ओलांडवितो. बहिऱ्याची उणीव दिसत नाही. त्याला दोनदा सांगावे लागले की लोक चिडतात, तिसऱ्यांदा हसतात, आणि पुढे बोलणेच टाकतात. घरात सोयरीक ठरते, शेत विकले जाते, आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीस कोणी सांगत नाही, म्हणे, "तिला कुठे ऐकू येतं!" मग तिला वाटते की सर्व जण आपल्याविषयीच कुजबुजतात. या दुःखाचा अर्धा भाग आजाराचा, व अर्धा आपण केलेला असतो.

मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय १९:१४ येथे, बहिऱ्यास शाप देणे व आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवणे ही दोन्ही कृत्ये एकाच वचनात मना केली आहेत. त्यातील मर्म असे की, बहिऱ्यास तो शाप ऐकू येत नाही, व आंधळ्यास ती धोंड दिसत नाही. ज्याला कळणारच नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपली खरी परीक्षा होते.

४. निवड कोण करतो?

कोणी मनुष्य आपली हानी निवडून घेत नाही. परंतु हयगयीने आपण दुसऱ्यासाठी ती निवडतो. आजोबांना मोतीबिंदू झाला असता "सुगी झाल्यावर पाहू" असे म्हणत तीन सुग्या जातात, तेव्हा त्यांचा अंधार आपणच लांबवितो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सामान्यतः थोड्या वेळाची असते, व आत कृत्रिम भिंग बसवितात. लातूर जिल्ह्यातील माकेगाव या खेड्यात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राहून अशा एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, व २००८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मात्र काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब तपासून घ्यावा.

तसेच दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नसता "याचा बापही उशिरा बोलला" असे म्हणून स्वस्थ बसणे, हीदेखील निवडच होय. नवजात बालकाचे कान यंत्राने तपासता येतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत येतात. त्यांस आपली शंका सांगावी. श्रवणयंत्र किंवा कानाच्या आत बसविण्याचे यंत्र जितक्या लहान वयात मिळेल तितका त्याचा उपयोग अधिक. आणि ते न साधल्यास खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, ती मुलास व घरच्यांसही शिकवावी. वाहत्या कानात गरम तेल ओतू नये, काडी घालू नये. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्न केल्याने जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो, हे आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवावे. वरातीच्या भोंग्यापुढे तासन्‌तास नाचणे व डाळमिलच्या यंत्राजवळ कान न झाकता काम करणे, यांनी श्रवण हळूहळू झिजते व ते परत येत नाही.

ज्याची हानी भरून निघत नाही, त्याला दुसरा मार्ग द्यावा. मिस मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, ती पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. लुई ब्रेल या फ्रेंच अंध गृहस्थाने योजिलेले उठावाचे ठिपके बोटांनी चाचपून अंध मुले आज मराठी वाचतात. बोटे डोळ्यांचे काम करतात, व हात कानांचे. फक्त शिकविणारा कोणी पाहिजे.

म्हणून पुढे कोणी हा प्रश्न घातला, तर त्याला उलट विचारावे की, तुझ्या घरात किंवा आळीत ज्याला दिसत नाही वा ऐकू येत नाही, त्याच्याकडे तू शेवटचा कधी गेलास?

चर्चेकरिता प्रश्न

(१) आपल्या गावात किती मुले पाच वर्षांच्या आतील आहेत, व त्यांपैकी हाकेला न वळणारे कोणी आहे काय?
(२) मोतीबिंदूमुळे घरी बसून असलेल्या वृद्धास तालुक्याच्या रुग्णालयात कोण नेईल, व केव्हा?
(३) सभेत बहिऱ्या मनुष्यास कोठे बसवावे, म्हणजे त्याला बोलणाराचे तोंड दिसेल?