नशेत समोरचा माणूस दिसत नाही



दारूने यकृत खराब होते हे आपण सर्वांनी ऐकले आहे. दारूने घरातील माणूस कसा बदलतो, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

दारू पोटात गेली की मेंदूतील आवर घालणारा भाग मंदावतो. म्हणून एरवी न बोलणारा माणूस बोलू लागतो, मित्राच्या गळ्यात पडतो. आपल्याला वाटते, मन मोकळे झाले. पण त्याच वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखण्याची शक्तीही कमी होते. पत्नी भीत भीत विचारते, "पोराच्या फीचे पैसे कुठे आहेत?" त्याला त्यात फक्त अपमान ऐकू येतो. तिच्या डोळ्यांतील भीती त्याला दिसत नाही. सकाळी तो म्हणतो, "मला काही आठवत नाही." हे खरेही असू शकते, कारण फार प्यालेल्या माणसाच्या मेंदूत आठवण नोंदलीच जात नाही. घरच्यांना मात्र सारे आठवते.

खर्ऱ्याला तर आपण नशाच म्हणत नाही! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि पाहुण्यापुढे धरायचा. (आमच्यापैकी काहींनी पहिली चिमूट केवळ संकोचाने घेतली, हे कबूल केले पाहिजे.) रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. मग चिडचिड, मुलांवर ओरडणे. पुन्हा चिमूट घेतली की शांत वाटते. खर्ऱ्यानेच लावलेली आग खर्रा तेवढ्यापुरती विझवतो.

आपल्या जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या चळवळीमुळे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था त्यात अग्रभागी होती. २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियानाने दारूबरोबर तंबाखूचाही प्रश्न हाती घेतला. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. सिरोंच्यात बंदी असली तरी मोहाची दारू गाळली जाते आणि नदीपलीकडे तेलंगणात दुकाने उघडीच आहेत.

कोणी दारू सोडली तर पहिले काही आठवडे तो उदास राहील, लहानसहान गोष्टींवर चिडेल. "पीत होता तेव्हाच बरा होता," असे घरच्यांनी कृपया म्हणू नये. त्याचा मेंदू त्या काळात सावरत असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये. हात थरथरणे, भ्रम, झटके असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. आधी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना भेटावे, आणि जाताना घरातील कोणीतरी सोबत जावे.