बंद कारखान्यालगतची जमीन व तिची परीक्षा

जमीन खरेदी करतांना आपण सात-बारा, फेरफार व हद्दीच्या खुणा पाहतों, तें योग्यच आहे. परंतु बंद पडलेल्या कारखान्यालगतची जमीन स्वस्त मिळते म्हणून घ्यावयाची असेल, तर तेवढ्यानें भागत नाहीं. जमिनींत मुरलेल्या विषाची नोंद सात-बारावर सांपडत नाहीं.

भोपाळ येथील युनियन कार्बाईडचा कीटकनाशकांचा कारखाना १९६९ सालीं सुरू झाला व डिसेंबर १९८४ मधील भीषण वायुगळतीनंतर बंद पडला. वायु हवेंत विरून गेला. परंतु तत्पूर्वीं आवारांत व बाहेरील तळ्यांत अनेक वर्षें टाकलेली घाण जमिनींत मुरत राहिली. १९९९ सालच्या तपासणींत तेथील मातींत पारा व भूजलांत क्लोरिनयुक्त द्रव्यें आढळलीं. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आसपासच्या वस्त्यांस शुद्ध पाणी पुरविण्याचा हुकूम दिला. साठवून ठेविलेला ३३७ टन कचरा २०२५ सालीं पिथमपूर येथें जाळण्यांत आला. तथापि मातींत मुरलेलें विष त्यायोगें नाहींसें झालें नाहीं.

यास्तव परीक्षा पुढील क्रमानें करावी.

पहिली गोष्ट पूर्वेतिहास. कारखान्यांत काय होत असे, घाण कोठें पुरली व सांडपाणी कोणीकडे सोडलें, हें जुने नकाशे व जुने कामगार यांजकडून समजून घ्यावें.

दुसरी, पाण्याची दिशा. आसपासच्या विहिरींतील पाण्याची पातळी एकाच ठराविक खुणेच्या मानानें मोजावी. भूजल उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जातें. तें बांधापाशीं अडत नाहीं.

तिसरी, नमुने. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक विहीर तुलनेसाठीं व खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी घ्याव्या. माती वरवरची न घेतां थराथरानें घ्यावी. पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, असे दोनदां घ्यावे.

चौथी, प्रयोगशाळा. नेहमीच्या माती-परीक्षेंत सामू, क्षार, स्फुरद, पालाश इत्यादि कळतात. पारा किंवा शिसें कळत नाहीं. म्हणून पूर्वेतिहासावरून ज्या द्रव्याचा संशय येईल, त्याचें नांव देऊन परीक्षा मागावी. पिण्याच्या पाण्यांत शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतकें अल्प शिसें रंगावरून वा चवीवरून ओळखतां येत नाहीं, व पाणी उकळल्यानेंही तें जात नाहीं.

हा खर्च इसार देण्यापूर्वीं करावा. खरेदीखत झाल्यावर जमिनीबरोबर तिची विहीरही आपल्या गळ्यांत पडते, व तिचें पाणी मुलांबाळांस व गुरांस प्यावें लागतें.