नाकारलेला द्राक्षारस आणि घेतलेली आंब

शास्त्रपाठ : मार्क १५:२२-३७, योहान १९:२८-३०



गुलगुथा येथे आपल्या प्रभूच्या ओठांजवळ दोन वेगवेगळी पेये आणली गेली. पहिले खिळे ठोकण्याच्या आधी, ते त्याने नाकारले. दुसरे प्राण सोडण्याच्या थोडे आधी, ते त्याने घेतले. आपण उत्तम शुक्रवारी हा वृत्तांत दरवर्षी ऐकतो, पण या दोन पेयांकडे सहसा थांबून पाहत नाही. या वर्षी मला थांबावे लागले.

झाले असे की माझ्या कमरेतील मणक्यांमधली गादी सरकली व पायाकडे जाणारी शीर दाबली गेली. डॉक्टर याला सायटिका म्हणतात. दुखणे कमरेचे असले तरी कळ पायात असते. कुल्ल्यातून निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि करंगळीपर्यंत जाते. शिंक आली तरी डोळ्यांपुढे अंधारी. बसणे तर सर्वांत कठीण. कित्येक दिवस मी उभ्यानेच जेवलो आणि कौटुंबिक प्रार्थनेलाही उभाच राहिलो. बहुतेकांचे हे दुखणे काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. मात्र पाय लुळा पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर घरी न थांबता इस्पितळ गाठावे. शास्त्राभ्यासात हे शोभत नसेल, तरी वाचकांनी लक्षात ठेवावे.

मंडळीतील एक वडीलधारे बंधू भेटीला आले. उशाजवळच्या गोळ्या पाहून ते म्हणाले, "भाऊ, प्रभूने तर गुंगीचा द्राक्षारस घेतला नाही. मग आपण दुखण्यावर गोळी घ्यावी का?" त्यांनी प्रेमाने विचारले होते, टोचून नव्हे. प्रश्नही खरा आहे, आणि मला तो आमच्या पाड्यांवरही ऐकू येतो. म्हणून पडल्या पडल्या शास्त्र उघडले.

मार्क सांगतो की पहिल्या द्राक्षारसात गंधरस मिसळला होता. मत्तय पित्ताचा उल्लेख करतो व प्रभूने चाखून तो नाकारला असे म्हणतो. यहुदी परंपरेत अशी नोंद आहे की यरुशलेमेतील प्रतिष्ठित स्त्रिया मरणदंड झालेल्या माणसाला शुद्ध हरपावी म्हणून धूप घातलेला द्राक्षारस देत. त्यामागे नीतिसूत्रे ३१:६ होते. म्हणजे अशा पेयामागे दया असू शकत होती. मग प्रभूने ते का घेतले नाही? शुभवर्तमान कारण देत नाही. मला मात्र पुढची वचने वाचताना एक गोष्ट दिसते. त्या वधस्तंभावर त्याला अजून कामे होती. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागायची होती, शेजारच्या अपराध्याला उत्तर द्यायचे होते, आईला शिष्याच्या हाती सोपवायचे होते. गुंगीत हे झाले नसते. शुद्धीवर राहणे त्याच्या कामाला हवे होते. वेदना स्वतःच पवित्र आहे असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

आता योहान १९:२८ पाहा. फटके, रक्तस्राव, दुपारचा अंधार, आणि सर्व पूर्ण झाले हे जाणून प्रभू म्हणतो की त्याला तहान लागली आहे. वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी शरीराची गरज सांगणारा हा एकच. योहान म्हणतो की हे शास्त्र पूर्ण व्हावे म्हणून झाले, आणि २२ व्या स्तोत्रात टाळूला चिकटलेली जीभ आहेच. पण म्हणून ती तहान काही कमी खरी नव्हती. मग एजोबाच्या काठीवरून आंब पुढे केली जाते आणि तो ती घेतो. आंब म्हणजे रोमी शिपायांचे स्वस्त, आंबट पेय. देवाचा पुत्र ज्यांनी त्याला खिळले त्यांच्याच भांड्यातून ओठ ओले करतो.

गेथशेमानेतही त्याने प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि जवळच्या तिघांना जागे राहण्यास सांगितले. पौलानेही शरीरातील काट्यासाठी तीनदा विनवले. तोच पौल गलतीकरांस लिहितो (४:१३) की आपल्या आजारपणामुळेच त्यांच्यात पहिल्यांदा सुवार्ता सांगितली गेली. कोणता आजार, ते त्याने लिहिले नाही.

वेदना ही देणगी आहे असेही आपण ऐकतो. डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी आईवडिलांच्या पोटी, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरातील आदिवासींमध्ये वाढले. पुढे वेल्लोर येथे त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम केले. रुग्णांची बोटे आपोआप सडत नाहीत, संवेदना गेल्याने भाजते-कापते ते कळत नाही व जखमा चिघळतात, हे त्यांनी दाखवून दिले. दुखणे राखण करते, ही त्यांची शिकवण मला मान्य आहे. पण राखणदाराने इशारा दिल्यावरही रात्रभर ओरडत राहावे, याला देणगी म्हणायला माझी जीभ वळत नाही. ईयोबाचीही वळली नव्हती.

त्या बंधूंना मी एवढेच म्हणालो की गोळी जेवणानंतर, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतो आणि घेण्यापूर्वी आभार मानतो.

आमच्या भागात सरपणाची मोळी घेऊन चढ चढणाऱ्या बाया दुखणे सहसा सांगत नाहीत. दवाखान्याच्या दिवशी मुलाला दाखवायला येतात, आणि निघताना हळूच कमरेला हात लावतात. केव्हापासून, असे विचारले तर उत्तर येते, "होळीपासून." तोवर पावसाळा लागलेला असतो. कोणी त्यांना सांगितलेले असते की विश्वास कमी म्हणून दुखते. हे सांगणाऱ्यांनी योहान ९:३ पुन्हा वाचावे. आमच्या नर्सताईंनी आता प्रत्येक बाईला आपण होऊन विचारायचे ठरवले आहे: कोठे दुखते, रात्री झोप लागते का, पाय बधिर होतो का?

मार्क १५:३६ मध्ये एक मनुष्य धावत जाऊन स्पंज आंबेत भिजवतो. त्याचे नाव नाही. हेतूही धड नाही, कारण एलीया येतो का ते पाहू, असे तो म्हणतो. तरी धावला तोच. या तिमाहीत दवाखान्याच्या पेटीत दुखण्यावरच्या गोळ्या, शेकण्याच्या पिशव्या आणि तपासणीसाठी एक पडदा हवा आहे. पडदा नसल्याने बाया पाठ दाखवत नाहीत.