हिरड्यांतून रक्त येतंय ना? मग ऐक

अगं, ब्रश करताना बेसिनमध्ये लाल दिसतं आणि तू चूळ भरून मोकळी होतेस, हे मला मुळीच आवडलेलं नाही. दाढ ठणकली असती तर धावत गेली असतीस. हिरड्यांचा आजार सहसा ठणकत नाही, म्हणून तर तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

आत काय चालतं, ते समजून घे. दातांच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर साचतो, पुढे त्याचं कीटण होतं. जंतूंना हटवायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिरडीत येतात. एरवी, समज बोट कापलं, तर काही दिवसांत काम उरकतं आणि सूज उतरते. इथे जंतू हलतच नाहीत, म्हणून पेशी येतच राहतात. जंतूंसाठी सोडलेली त्यांची द्रव्यं मग आपल्याच हिरडीला इजा करतात आणि या सततच्या सुजेत दाताखालचं हाड झिजतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही गं.

आणि ही सूज तोंडापुरती राहत नाही. सुजेची रसायनं रक्तात उतरतात, इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, साखर वाढायला मदत करतात. साखर सतत जास्त राहिली की त्याच पांढऱ्या पेशी मंदावतात. जंतूंपर्यंत पोचायला उशीर, त्यांना गिळायलाही उशीर. मग हिरडी आणखी बिघडते. मधुमेहात जखमा चिघळतात, क्षयरोगाचा धोका इतरांच्या दोन-तीन पट होतो, तो या मंदावण्यामुळेही. आपल्या आईला मधुमेह आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. म्हणून तर माझा जीव वरखाली होतो.

दिलाशाची गोष्ट अशी, की मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत त्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, सरासरी सुमारे 0.4 टक्के-अंकांनी उतरलेलं दिसतं. साध्या साफसफाईनं एवढं! तेव्हा आईलाही सोबत ने.

प्रतिकारशक्तीच्या गोळ्या आणि काढे यांच्यावर पैसे घालवू नकोस. कीटण त्यानं निघत नाही, ब्रशनंही नाही. ते डेंटिस्टच काढतात. स्केलिंगनं दात हलतात म्हणतात, ते खरं नव्हे. कीटण निघाल्यावर आधी झालेली झीज उघडी पडते, एवढंच. सासूबाई सांगतात म्हणून मिश्री तर अजिबात लावू नकोस. तंबाखूनं रक्त कमी दिसेलही, पण आजार आत चालूच राहतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचं भय वेगळंच.

खर्चाची काळजी असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कमी खर्चात काम होतं. गेलीस की हिरडी आणि दातामधली खाच मोजायला सांग. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून खोल असेल तर पुढचे उपचार टाळू नकोस. उपाशीपोटीची साखरही तपासून घे. अपॉइंटमेंट मिळाली की वेळ कळव, मी येते सोबत.