पावसाळ्यातील घरकीटकांचा निर्विष बंदोबस्त

मृगाच्या सरी पडून पेरणीची धांदल सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याचे सारे लक्ष शिवाराकडे लागते, आणि परसात, गोठ्यात व उकिरड्यावर त्याच सुमारास जी दुसरी एक पैदास जोमाने सुरू होते, तिच्याकडे पाहण्यास कोणालाच फुरसत उरत नाही. पुढे आषाढात डासामाश्यांनी घर भरले, की पिकासाठी आणलेले विषारी औषध घरातच फवारण्याची चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. ही चाल अत्यंत घातक होय; कारण जेथे तान्ही मुले निजतात आणि दुभती जनावरे बांधली जातात, तेथे हे विष अन्नात व श्वासात उतरते, आणि इतके करूनही मरतात ते उडते कीटक; अळ्या पाण्यात व शेणात सुखरूपच राहतात. सबब बंदोबस्त करावयाचा तो उत्पत्तिस्थानाचा.

उष्ण व दमट हवेत डासाच्या अंड्यापासून पंख फुटलेला डास निघण्यास साधारणतः ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातील एक वार ‘कोरडा दिवस’ म्हणून मुक्रर करून रांजण, पिंपे व जनावरांची डोणी त्या दिवशी रिकामी करावी आणि कोरडी होऊ द्यावी. मात्र नुसते पाणी ओतून देण्याने कार्यभाग साधत नाही. डेंग्यूचा प्रसार करणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटविते. काळ्या, बारीक कणांसारखी ती अंडी कित्येक महिने कोरडी राहूनही पुन्हा पाणी लागताच फुटतात. तेव्हा काथ्याने आतली बाजू खसखसून घासावी. जो हौद उपसणे शक्य नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केल्यास बहुधा मिळतात. ओढ्यात वा तळ्यात मात्र ते सोडू नयेत, तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. फुटक्या करवंट्या, जुने टायर आणि तुंबलेली पन्हळ यांची विल्हेवाट पहिल्या पावसापूर्वीच लावलेली बरी.

माश्यांचे माहेर उकिरडा. माशी एका खेपेस शंभरावर अंडी ताज्या, ओलसर शेणात घालते. पसरट उकिरड्याला अशी ओलसर पाठ फार मोठी मिळते. तेच शेण खड्ड्यात घट्ट रचून वर मातीचा थर दिला, तर आतील कुजण्याच्या उष्णतेत अळ्या तगत नाहीत. हात घातल्यास चटका बसावा इतकी ही ऊब असते. कडेला मात्र ती तितकी पोचत नाही, म्हणून दर चार-पाच दिवसांनी कडेचे शेण मध्यभागी ओढावे. वाढ पूर्ण झालेल्या अळ्या कोष करण्यासाठी कोरड्या कडेला सरकतात, तेथे कोंबड्या सोडाव्यात. त्या उकरून अळ्या व तांबूस कोष दोन्ही टिपतात. ज्याच्या घरी गोबरगॅस आहे, त्याने रोजचे शेण रोज संयंत्रात घालण्यात हयगय करू नये.

कडुनिंबाच्या पाल्याच्या धुरीने घटकाभर डास हटतात, हे खरे. परंतु त्या धुराने लहान मुलांचे डोळे चुरचुरतात व दमेकऱ्यांना त्रास होतो. रात्री मच्छरदाणीची सर तिला येत नाही. दिव्याभोवती झेपावणाऱ्या पंखवाल्या वाळवीसाठी घरातील दिवा मालवून अंगणात पाण्याच्या परातीवर कंदील टांगावा, इतके पुरे.

डास कुंपण मानीत नसल्याने कोरडा दिवस सगळ्या वस्तीने एकच पाळणे अगत्याचे आहे, आणि ग्रामपंचायतीने तो ठरविताना आठवडी बाजाराचा वार टाळावा, कारण त्या दिवशी घरची कर्ती माणसे गावात नसतात.